उबाऱ्याची खोड

राजुरी
२४ जुलै २०२५

चि. आदेश,

मामाचा आशीर्वाद घे. पत्र फाडायचंच असेल तर निदान पहिलं पान वाचून मग फाड.

फोन लावून दमलो. वाटलं, तुझ्याकडे रेंज नसेल. मग गिरणीवाल्या साळुबाईच्या फोनवरून लावला, तर लगेच उचललास, आणि माझा आवाज कानावर पडल्याबरोबर ठेवलास. तेव्हा उलगडा झाला. बरं, पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही.

त्या दिवशी भागीदारांच्या सभेत तू म्हणालास, "मामा, तुम्हाला शेती कळते, मार्केट कळत नाही." चारचौघांत म्हणालास आणि तडक पुण्याला निघून गेलास. राग आला होता, आता नाही. खरंच आहे ते. मला मार्केट कळत नाही. पण ज्या कागदावर तू माझी सही मागतोस तो कागद मला हळूहळू कळायला लागलाय, आणि पंचाईत तिथंच झालीय.

अवसरीला इंजिनिअरिंगला होतास तेव्हाची तुझी डिक्शनरी माझ्याकडेच राहिलीय. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला ती अजून पुरते. ती मांडीवर घेऊन बसलो आणि एकेक शब्द उकरला. मला समजलं ते असं. पुण्याचा तो मोठा गुंतवणूकदार विचारतोय, की हा उबारा, तुझं पाय शेकायचं यंत्र, नेपाळात आणि बिहारात खपेल का, आणि उद्या कुणी कोर्टात खेचलं तर माझ्या पैशाचं काय. विचारणारच. म्हैस घ्यायची तर माणूस कास हातानं चाचपून बघतोच. त्यावर तुझ्या वकिलानं उत्तर तयार केलंय: यंत्रात कसलाही दोष असल्याचं कंपनीला माहीत नाही, जुन्नरला झालं ते वापरणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळं झालं, आणि गावच्या भागीदारांचंही हेच मत आहे. त्या शेवटच्या ओळीखाली माझी सही पाहिजे. तुम्हीच सगळ्यांनी मला गाववाल्यांच्या वतीनं पुढं केलंत ना.

आहे का आमचं तसं मत? भागीदारांतल्या भरतचं आहे. मला अजून ठरवता येईना.

तू आम्हाला पायांना ऊब देणारं यंत्र करून दिलंस. पाय आत घालायचे, अर्ध्या तासानं आपोआप बंद. पहिल्या हिवाळ्यात गावात वापरायला दिलंस तेव्हा म्हाताऱ्यांची एकच ओरड होती, लाईट गेली की यंत्र मरतं, पांघरुणातून उठून पुन्हा बटण कोण दाबणार? तू हसून म्हणालास, "विहिरीच्या मोटारीला असतो तसा ऑटो बसवतो." मोटारीला ऑटो आपण सगळेच बसवतो. लाईट आली की मोटार आपली आपण चालू, माणसाला रानात जायला नको. वीजवाले बसवू नका म्हणून ओरडतात, कोण ऐकतं? तुझं बोलणं ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, आपला पोरगा आपली अडचण ओळखतो म्हणून.

पण मोटार जास्त चालली तर फार तर वाफा फुटतो. जुन्नरचा माझा जुना दोस्त इस्माईल, जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा, त्याच्या घरी जानेवारीत रात्रभर लाईट येत-जात राहिली. दर वेळी लाईट आली की यंत्र नव्यानं अर्धा तास मोजायला लागायचं. सकाळी त्यानं बायकोच्या, नूरजहाँभाभींच्या पायावरचं पांघरूण काढलं तर पाय भाजलेला. पुढं बोटं काढावी लागली.

मला छळतं ते एवढंच, की भाभींना जाग कशी आली नाही? भरत म्हणतो, "भाजलं तर माणूस वरडतं. का पाय दगडाचा व्हता?" मी त्याला दटावलं. पण खरं सांगतो, माझ्याही मनात तोच खडा आहे.

सही केलेली नाही. नाही म्हटलेलंही नाही. कागद ओझरच्या विघ्नहराच्या तसबिरीमागं ठेवलाय. बघू तो काय सुचवतो.

तब्येत ठीक. पायाला मुंग्या येतात, वयाचं आहे.

तुझा मामा
सावळेराम


१० ऑगस्ट

चि. आदेश,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पोचलंय असं धरून चालतो.

परवा साळुबाईच्या गिरणीत सगळे भागीदार जमले होते. गिरणी चालू ठेवूनच सभा झाली, कारण ती म्हणाली, "तुमच्या मार्केटपायी माझं दळण खोळंबायला नगं." त्यामुळं सगळे ओरडून बोलत होते आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल भांडणं लागली.

भरत म्हणाला, "आण्णा, सही करून टाका राव. नेपाळची ऑर्डर काय आपली पावणी न्हाई, जेवायला थांबायला."

साळुबाईनं विचारलं, "त्यो ऑटो काढून टाकला तर काय व्हतंय?"

"नवीन यंत्रातनं काढंल की आदेश," भरत म्हणाला. "पर गुपचूप. विकलेली यंत्रं परत मागिवली म्हंजी दोष व्हता आसं आपणच सांगितल्यागत. वकील म्हणतो, कोर्टात आपलं नाक कापलं जाईल."

"मंग नाक ऱ्हाऊ द्या," साळुबाई म्हणाली, "लोकांचे पाय जाऊ द्या." आणि बाजरी ओतायला वळली.

लोक हसले. मग कुणीच कुणाकडे बघेना.

भरतला वाईट समजू नकोस, मीही समजत नाही. त्याच्या लेकीच्या, श्रेयाच्या नर्सिंगच्या कॉलेजसाठी ठेवलेलं त्यानं तुझ्या कंपनीत घातलंय. घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो, एवढंच.

मला आपला बेल्ह्याचा बैलबाजार आठवत होता. तुझे आजोबा एकदा बैल विकायला घेऊन गेले, मी दावं धरून बरोबर. बैल दिसायला देखणा, पण अर्ध्या तासात बसकण मारायचा. आपल्याकडं रीत अशी, की विकणाऱ्यानं जनावराची खोड आधी सांगायची. सांगून विकलं तर घेणाऱ्याचं नशीब. लपवून विकलं तर तो पुढच्या बाजारी चार माणसं घेऊन येतो आणि जनावर दावणीला परत बांधून जातो, आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही. आजोबांनी खोड सांगितली. गिऱ्हाईकानं भाव पाडला तो पाडलाच. घरी आल्यावर तुझ्या आजीनं अबोला धरला. तेव्हा ही गोष्ट काही गोड नाही, मी तुला ती गोड करून सांगत नाही. पण बैल परत आला नाही.

गुरुवारी जुन्नरला जाऊन आलो. तुला आवडणार नाही, तरी सांगतो. तू सभेत म्हणालास ना, मामा पलीकडच्या पार्टीला फितूर आहेत? इस्माईलची आणि माझी दोस्ती तुझ्या जन्माच्या आधीची आहे. ती काही केस लागली म्हणून मोडीत काढता येत नाही.

इस्माईल खाली बघूनच बोलत होता. "सावळेराम, केस शाहरुखनं घातली. पोरगा हाय, आईचा पाय बघवंना त्याला. मी अडवलं न्हाई. अडवू कुठल्या तोंडानं? रोज पट्टी मी बदलतो."

मी म्हटलं, "मी तुला अडव म्हणायला आलोच नाही. चहा पाज."

भाभींनी चहा केला, भिंतीला धरून धरून. आणि विचारलं काय माहीत आहे? "आदेश येळेवर जेवतो का? मागच्या वक्ताला लई वाळलेला दिसला."

तुझ्या यंत्राच्या खोक्यावरचा कागद त्यांच्या फडताळात होता. त्यावर चित्र आहे, एक आजीबाई गादीवर, पाय यंत्रात, आणि खाली लिहिलंय, पाय शेका, निवांत झोपा. तुझ्या वकिलाच्या नोटिशीत लिहिलंय, बाई यंत्र चालू ठेवून झोपली ही तिची चूक. आदेश, मी अडाणी, पण या दोन कागदांचं भांडण मलासुद्धा दिसतंय. न्यायाधीशाला दिसणार नाही का?

तरी तो खडा आहेच. जाग कशी आली नाही? भाभींना विचारायचं होतं. धीर झाला नाही.

मामा


३ सप्टेंबर

चि. आदेश,

खडा निघाला. नीट वाच, थट्टा नाही.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी रानातून येता येता गिरणीत डोकावलो. साळुबाई झाडत होती. एकदम थांबली. "आण्णा, हे रगात कुणाचं?" बघतो तर पांढऱ्या पिठात माझ्या पावलांचे ठसे, डाव्या पायाचे लाल. चप्पल काढली तर बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात घुसलेला. वरच्या मळ्यापासून गिरणीपर्यंत मी त्याच्यावर चालत आलो होतो, आणि मला पत्ता नाही.

साळुबाईनं काटा उपटला. म्हणाली, "आण्णा, वरडला न्हाईत?"

मी म्हटलं, "वरडायला कळायला नको का?"

आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिथंच पोत्यावर बसलो. भरतचे शब्द आठवले. का पाय दगडाचा व्हता? होता, बाबा. माझाही आहे.

साळुबाईनंच नारायणगावला आरती डॉक्टरकडे नेलं मला. तरणी पोर आहे, पण हात हलका. साखर निघाली, बरीच जुनी असावी म्हणाली. मग डोळे मिटायला लावले, हातात दोऱ्यासारखी बारीक काडी होती तिच्या. "आजोबा, टोचलं की सांगा." मी वाट बघत बसलो. शेवटी म्हटलं, "अगं, टोच की आता."

ती म्हणाली, "टोचून झालं."

नूरजहाँभाभींनाही साखर आहे, हे आपल्याला ठाऊकच होतं. साखर पायाचं काय करते ते ठाऊक नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंना तुझ्या यंत्राचं सगळं सांगितलं, नाव न घेता. त्या म्हणाल्या, असे पाय माणसाला सारखे गार वाटतात, म्हणून तो ऊब शोधतो, आणि चटका बसला तर त्यालाच कळत नाही.

हे मला तुला हाताला धरून सांगायचं होतं, पत्रात नाही. तुझं गिऱ्हाईक कोण? ज्याचे पाय गार पडतात तो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त तुझं यंत्र लागतं, त्यालाच ते भाजेल तेव्हा कळणार नाही. एकट्या भाभींचाच पाय वेगळा नव्हता रे. नेपाळातसुद्धा पाय असेच असतील.

तू हे जाणूनबुजून केलंस असं मी मेल्यावरसुद्धा म्हणणार नाही. तू म्हाताऱ्यांचं ऐकलंस, त्यांना उठायला लागू नये म्हणून केलंस. आम्ही मागितलं आणि तू दिलंस. पण आता कळलंय. कळल्यावर 'माहीत नाही' असं लिहून खाली सही कशी करू?

तेव्हा ऐक. कागद तसबिरीमागून काढला आणि सही न करता पुण्याच्या त्या गुंतवणूकदार साहेबांना पाठवतोय. सोबत माझं एक पान. त्यात लिहिलं, की माल चांगला आहे, करणारा पोरगा प्रामाणिक आहे, आणि यंत्राला एक खोड आहे ती अशी अशी. ती काढता येते. काढून घ्या आणि मग खुशाल पैसे लावा.

तू चिडशील. चीड. पण मी तुझ्या पाठीमागं काही केलं असं व्हायला नको म्हणून तुलाही कळवतोय, हे पत्र आणि ते पाकीट एकाच पेटीत टाकतोय.

पाय बरा आहे. मागं वयाचं म्हणालो होतो, ते खरं नव्हतं. मला भीती वाटत होती म्हणून डॉक्टरकडे जात नव्हतो. तुझ्या आईला सांगू नकोस.

मामा


२१ सप्टेंबर

चि. आदेश,

साहेबांनी हात आखडता घेतला हे कळलं. भरतनं सांगितलं, म्हणजे अंगणात उभा राहून सगळ्या आळीला सांगितलं. नेपाळवाल्यानंही थांबा म्हटलंय. भरत म्हणाला, "आण्णा, तुमी आमच्या ताटात माती कालवली. श्रेयाला काय सांगू?" मी म्हटलं, "बस, पाणी घे." तो बसला नाही. त्या दिवसापासून बोलत नाही. समोरून आला तर मोबाईल बघतो.

तू मला काय काय बोललास तेही कानावर आलं. माझ्या चुका काढ, त्याचं वाईट वाटत नाही. कंपनी बुडाली तर पाप माझ्या माथी, तेही कबूल. पण मी हे पत्र माफी मागायला लिहीत नाही, घाईनं लिहितोय.

दिवाळीनंतर थंडी पडेल. लोक माळ्यावरून उबारा खाली काढतील. जे जे घर मला ठाऊक आहे तिथं मी काठी टेकत जातोय, सांगतोय की वापरू नका. माझं स्वतःचं यंत्र साळुबाईच्या गिरणीत नेऊन ठेवलंय. पण लोक काय म्हणतात? राजुरीतली ती बहिरूची म्हातारी, तिच्या पायाची सालं निघालीत, ती म्हणाली, "सावळेराम, तू म्हनतूस, पर यंतर आदेशचं हाय. आदेश म्हनला तर काढून दीन."

त्यांचा विश्वास तुझ्यावर आहे. मार्केट मार्केट म्हणतोस ते हेच असेल, तर ते तुझ्या हातात अजून आहे. माझ्या सांगण्यानं काही होत नाही. तुझंच तोंड उघडायला हवं.

आणि राजुरी, जुन्नर सोडून कुठं कुठं यंत्रं गेलीत ते तुलाच माहीत. तिथं काठी टेकत मी कसा पोचू?

वकील म्हणेल, बोलू नका. त्याचं कामच आहे ते, मी त्याला दोष देत नाही. त्याला कोर्टात तुला सोडवायचंय. मला तुला हिवाळ्यातून सोडवायचंय. पुन्हा कुणाचा पाय भाजला तर कोर्ट सोडेल कदाचित, तू स्वतःला सोडणार नाहीस. लहानपणी कुत्र्याच्या पिलाला चुकून दगड लागला तर दोन दिवस जेवला नव्हतास. मी भरवलंय तुला, मला ठाऊक आहे.

एवढंच. आता लिहीत नाही. लिहिण्यासारखं संपलं.

मामा


१२ ऑक्टोबर

चि. आदेश,

लिहीत नाही म्हणालो होतो, पण तूच भाग पाडलंस.

बुधवारी टेम्पो आला. ड्रायव्हर विचारत होता, सावळेराम आण्णा कोण? मी म्हटलं, मीच, काय आणलंस? त्यानं मागचा फाळका पाडला तर आत नुसती खोकी. रिकामी, घडी घातलेली, प्रत्येकावर तुझ्या भोसरीच्या कारखान्याच्या शेडचा पत्ता छापून चिकटवलेला. मी सगळी चाळली, तुझी चिठ्ठी आहे का बघायला. नव्हती. मामा लिहून एक ओळ तरी असेल असं वाटलं होतं. असो.

मग खोक्यांच्या आतला छापील कागद हाताला लागला. मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्यांना दिसेल असा. गिरणीत साळुबाईनं मोठ्यानं वाचला: "उबारा वापरू नका. लाईट जाऊन आली की हे यंत्र आपोआप पुन्हा चालू होतं आणि पाय भाजू शकतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा साखर असेल तर तुम्हाला कळणार नाही. यंत्राला ही खोड आहे. ती काढून, फुकट परत देऊ. आदेश."

आदेश, वकिलानं लिहिलं असतं तर दोष लिहिलं असतं, त्रुटी लिहिलं असतं. खोड हा शब्द कंपनीचा नाही. म्हणजे माझी पत्रं फाडली नाहीस. मला तेवढं पुरलं. साळुबाईला म्हटलं, डोळ्यात पीठ गेलं. ती म्हणाली, "गिरणी बंद हाय, आण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पिकअप. भरत. खाली उतरला नाही, काच खाली केली. "मी तुमच्याशी बोलत न्हाई. गाडी द्यायला आलोय." मी त्याच्या शेजारी बसलो आणि आम्ही न बोलता दिवसभर घरोघर फिरलो. बहिरूच्या म्हातारीनं कागद वाचून घेतला, मग पुन्हा वाचून घेतला, आणि यंत्र पुसून दिलं, मुलगी सासरी पाठवावी तसं. संध्याकाळी भरत एकदम म्हणाला, "माझ्या आईचंबी यंत्र आणलंय. मागं ठिवलंय." एवढंच बोलला. श्रेयाचं काय होईल ते मलाही माहीत नाही. त्याला अजून राग आहे आणि तो त्याचा हक्क आहे.

केस चालू राहील. शाहरुख म्हणतो, कागद छापला म्हणून आईची बोटं येत नाहीत. बरोबर बोलतो. कोर्टात जे ठरेल ते मान खाली घालून दे. पण जुन्नरला गेलो तेव्हा इस्माईल मला दारापर्यंत सोडायला आला आणि पहिल्यांदा वर बघून बोलला.

बाकी सगळी खोकी भरून पाठवली. एक रिकामं उरलं. नूरजहाँभाभींचं यंत्र पुरावा म्हणून कोर्टात जमा आहे, ते कुठून भरणार? मी ते खोकं तसंच घेऊन निघालो तर त्यांनी हाक मारली. "सावळेरामभाऊ, माझं नाव लिवलं का त्याच्यावर?"

मी म्हटलं, "भाभी, तुमचं यंत्र तर कोर्टात."

"त्ये ऱ्हाऊ दे तिथं. नवीन बनवंल ना आदेश? त्याला सांगा, थंडीच्या आधी. एक पाय लई गार पडतो."

म्हणून ते रिकामं खोकं परत पाठवतोय. टेम्पोवाल्याची चूक समजू नकोस. वर नाव लिहिलंय, माझ्या अक्षरात आहे, पण सांगितलंय त्यांनी. भरून पाठव. नाहीतर असं कर, पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझा मामा
सावळेराम